अंक पुसलेला तापमापक

गेले दोन महिने इथे शुकशुकाट होता. थोडा गुडघा, थोडी लग्नसराई. पण खरं कारण निराळंच आहे. मी आणि माझा नातू रविवारमागून रविवार एका जुन्या संगणकाच्या पंख्याचे फेरे मोजत बसलो होतो! हे वाचून आमच्या धाकट्या जाऊबाई कपाळाला हात लावणार हे मला इथूनच दिसतंय. पण आजचं लिखाण गंमत म्हणून नाही, चिडून केलेलं आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा आणि पटलं नाही तर खुशाल भांडा.

त्याचं असं झालं. आमच्या चऱ्होलीपासून चाकण काही लांब नाही. इंद्रायणी ओलांडली, आळंदी मागे टाकली की कारखान्यांचा पट्टा जवळ येतोच. तिथल्या एका कंपनीने ऑफिसमधले जुने संगणक काढले आणि त्यातले अकरा एका शाळेला दिले. (कंपनीचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोघांचाही हेतू चांगलाच होता.) विंडोज दहाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, अकरावी आवृत्ती या यंत्रांवर चढत नाही, म्हणून धडधाकट यंत्रं एका फटक्यात म्हातारी ठरली. निवृत्तीच्या वयाची गोष्ट मला कुणी सांगायला नको! नातवाने सगळ्यांवर लिनक्स बसवलं. थंडीत झकास चाललं. मुलं मराठी टायपिंग शिकली. मी आठवड्यातून एकदा जाऊन त्यांना नकाशे दाखवत असे. ज्या नद्या मी तीसेक वर्षं खडूने काढल्या, त्या पडद्यावर वाहताना पाहून मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद होत होता.

पाडवा झाला आणि उन्हाळा तापला. संगणकाच्या खोलीवर पत्रा आहे. दुपारी एकच्या पुढे यंत्रं रांगायला लागली, मग एकेक करून आपोआप बंद पडायला लागली. एका मुलीचा अर्धा तास टाइप केलेला निबंध गेला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो पुसला. नातवाने यंत्रं उघडून धूळ झाडली, थर्मल पेस्ट बदलली. चार सुधारली. उरलेली सात एकाच जातीची, ती काही केल्या ऐकेनात. त्यांचा पंखा जोर धरायचा, पण फार उशिरा, पाणी डोक्यावरून गेल्यावर. नातवाचं निदान असं की पंख्याचं वेळापत्रक कारखान्यात ठरवलेलं आहे, एसी ऑफिससाठी. पत्र्याखालच्या वर्गासाठी ते बदलायला हवं.

मी म्हटलं, "मग बदल की."

तो म्हणाला, "आजी, बदलता आलं असतं तर. या चिपचा कर्नल ड्रायव्हरच नाहीये."

आता कर्नल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मिशीवाला फौजी अधिकारी येतो आणि ड्रायव्हर म्हटलं की एसटीचा. तसं बोलल्यावर तो हसून लोळला. मग त्याने जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

संगणकाच्या मुख्य पाटीवर नखाएवढी एक चिप असते. तिची कामं दोन. आतलं तापमान मोजायचं, आणि पंखा किती जोरात फिरवायचा ते ठरवायचं. आपल्याला उकडलं की आपण रेग्युलेटर फिरवतो, तसंच. या रेग्युलेटरवर बहुधा ० ते २५५ आकडे असतात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, यंत्र आणि आपले प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. आणि ड्रायव्हर म्हणजे त्या कारभाऱ्याचा दुभाषा. चिपची बोली दुभाष्याला येत असली की तापमान साध्या फायलीत वाचायला मिळतं. ४७००० असा आकडा दिसला की समजायचं ४७ अंश, कारण तिथे अंशाचे हजार भाग करून मोजतात. पंख्याचे मिनिटाला फेरे किती, तेही तसंच दिसतं. आणि रेग्युलेटरच्या फायलीत आकडा लिहिला की पंखा ऐकतो. इतकं सोपं!

पण दुभाष्याने बोली शिकायची कुठून? चिपच्या पोटात लहान लहान खाने असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. शिक्षक मंडळींना लगेच कळेल. शाळेतलं जनरल रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. आता कल्पना करा की कुणीतरी त्याच्या रकान्यांची शीर्षकं फाडून नेली. आकडे सगळे जागच्या जागी, पण जन्मतारीख कुठली आणि दाखल झाल्याची तारीख कुठली? दाखला द्यायची हिंमत कुणी करेल? त्या शीर्षकांच्या कागदाला चिपच्या दुनियेत डेटाशीट म्हणतात. आमच्या सात यंत्रांतल्या चिपची डेटाशीट तिच्या कंपनीने कुणाला दिलेली नाही. लिनक्सच्या तपासणीत उत्तर आलं ते एवढंच की इथे एक चिप आहे, ओळख पटत नाही.

मी भूगोल शिकवला. शाळेत सिक्सचा कमाल-किमान तापमापक होता, इंग्रजी यू अक्षरासारखा. रोज सकाळी एका विद्यार्थ्याने नोंद करायची. एका वर्षी कुणीतरी तो पुसता पुसता त्याच्या पट्टीवरचे अंक घासून टाकले. पारा चढत होता, उतरत होता, सगळं ठीक होतं. पण तापमापक निकामी! तापमापक म्हणजे पारा नव्हे, तापमापक म्हणजे पारा अधिक पट्टी. पट्टीशिवाय पारा म्हणजे नुसती हलणारी रेघ. मंडळी, आज आपल्याला पैसे घेऊन अंक पुसलेले तापमापक विकले जातायत, आणि आपण बिल नीट घडी घालून कपाटात ठेवतोय.

आणि मौज पाहा, त्याच यंत्रात दुसरा एक तापमापक आहे, तो व्यवस्थित बोलतो. प्रोसेसरच्या पोटातला. इंटेलने तो वाचायची रीत आपल्या पुस्तिकांतून छापली, म्हणून लिनक्सला तो वाचता येतो. ९६, ९७, ९८ असे आकडे चढताना आम्ही पडद्यावर पाहत होतो. ताप किती ते दिसतंय, आणि पंख्यापर्यंत हात पोचत नाही! दवाखान्यात थर्मामीटर आहे पण औषधाच्या कपाटाची किल्ली मालक घेऊन गेला, तशातली गत.

तरी या बोलक्या तापमापकाचीही एक कथा आहे. तो सरळ अंश सांगत नाही, धोक्याच्या रेघेपासून आपण किती अंश खाली आहोत तेवढं सांगतो. मला लगेच सेल्सियस आठवले. अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ साली पट्टी केली तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० दिलं होतं! ती पुढे उलटी केली गेली. पण सेल्सियसनी ० म्हणजे काय ते सांगितलं तरी होतं. इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या बाबतीत धोक्याची ती रेघ नेमकी किती अंशांवर, हेच कित्येक दिवस जाहीर नव्हतं. लोक ८५ धरत, कुणी १०० धरत. म्हणजे एकाच यंत्राचा ताप दोन घरी पंधरा अंशांनी वेगळा! अखेर २००८ साली कंपनीने ते आकडे सांगितले आणि वाद मिटला. सांगितल्याने कंपनी काही बुडाली नाही.

उलट चांगलं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. नॅशनल सेमीकंडक्टर नावाच्या अमेरिकन कंपनीने एलएम-७५, एलएम-७८ या चिपांची डेटाशीट खुली ठेवली होती. एलएम-७५ अर्ध्या अर्ध्या अंशाने मोजते. सुरू होताना तिची धोक्याची रेघ ८० वर असते, आणि एकदा ओलांडली की ७५ च्या खाली उतरेपर्यंत इशारा चालू राहतो, म्हणजे उगाच क्षणाक्षणाला चालू-बंद नको. सगळं कागदावर. १९९८ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी असे कागद वाचून लिनक्ससाठी एलएम-सेन्सर्स नावाचा प्रकल्प सुरू केला. नावातलं 'एलएम' या चिपांचंच. नॅशनल कंपनी २०११ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, तिचं नाव मागे पडलं. पण त्या चिपचा ड्रायव्हर आजही कर्नलमध्ये आहे. कंपनी गेली, कागद राहिला, म्हणून चिप जगली.

आणि तैवानच्या आयटीई कंपनीच्या चिपांचं पाहा. (आमची चिप त्यांची नव्हे, हे आधीच सांगते.) कर्नलसोबत येणाऱ्या कागदपत्रांत त्यांची यादी आहे, आणि प्रत्येक चिपपुढे डेटाशीट कुठे मिळेल याचा रकाना आहे. जुन्या चिपेपुढे शेरा असा, की पूर्वी कंपनीच्या साइटवर मिळत असे, आता मिळत नाही. पुढच्या कित्येक चिपांपुढे, की सार्वजनिक उपलब्ध नाही. तरीही त्यांचा ड्रायव्हर आहे! कारण फावल्या वेळात कुणीतरी एकेक खाना चाचपडून तो लिहिला. त्या माणसांना माझा नमस्कार. पण हे कौतुक करताना मला लाजही वाटते. फाडलेली शीर्षकं अंदाजाने पुन्हा लिहिण्यात हुशार माणसांची वर्षं जावीत, हे काही भूषण नव्हे.

आम्हीही तेच केलं. आधी रीतसर पत्रं लिहिली, एक संगणक कंपनीला आणि एक चिप कंपनीला. पहिल्यांचं उत्तर आलं की हे मॉडेल आता सेवेत नाही. दुसऱ्यांनी विचारलं, आपण वर्षाला किती हजार चिपा घेता? आणि गुप्ततेच्या करारावर सही करणार का? मी कळवलं की मी निवृत्त शिक्षिका आहे, चिपा घेत नाही, महिन्याला दोन किलो तूरडाळ घेते. त्यानंतर उत्तर नाही.

मग रविवार सुरू झाले. एक यंत्र घरी आणलं. नातू चिपच्या २५६ खान्यांतले आकडे पडद्यावर काढायचा, नुसते वाचायचे, काही लिहायचं नाही, ही माझी अट. मग टाइप करायच्या एका मोठ्या कामाला यंत्राला जुंपायचं, पंखा वाढला की पुन्हा आकडे काढायचे, आणि कुठला खाना बदलला ते मी वहीत लिहायचं. हवामानाच्या नोंदवहीसारखी वही केली, तारीख, वेळ, खोलीचं तापमान. माझा भाचा चाकणला मशीन शॉपमध्ये आहे, तो टॅकोमीटर घेऊन आला. पंख्याच्या पात्यावर चमकती पट्टी चिकटवून त्याने फेरे मोजले. "मावशी, हजार आणि वर थोडे," तो ओरडला. तेव्हा आमच्या एका खान्यात होते ६७५. जुन्या खुल्या चिपांच्या कागदात एक सूत्र आहे, त्यात १३ लाख ५० हजाराला भागायचं असतं. कारण चिपचं घड्याळ सेकंदाला २२,५०० ठोके देतं आणि मिनिटात सेकंद साठ. दुप्पट ६७५ म्हणजे १३५०. भागाकार नेमका १०००! वयाच्या पंचाहत्तरीत भागाकार जमल्यावर टाळ्या वाजवणारी मी एकटीच असेन.

पण पुढे गाडं अडलं. रेग्युलेटरचा वाटणारा खाना सापडला. बरीच भवती न भवती होऊन मी माझी अट मोडली आणि त्यात एकदाच आकडा लिहू दिला. सेकंदभरात तो आपोआप जुन्यावर आला. म्हणजे मागे आणखी कुणी कारभारी बसलाय, आणि त्याचा कागदही कुलपात. तिथे आम्ही थांबलो. चार रविवार, तीन माणसं, अख्खी वही. एवढ्यातून जे कळलं ते एका छापील पानावर मावलं असतं. ते पान अस्तित्वात आहे, कुणाच्या तरी टेबलाच्या खणात आहे, याचाच राग येतो.

आता विरोधकांकडे वळते. गेल्या महिन्यात घरच्या जेवणात तिघांशी भांडून झालंय, त्यामुळे मुद्दे तयार आहेत.

पहिला मुद्दा, ते कंपनीचं गुपित आहे. अहो, मसाल्याच्या पाकिटावर घटक छापावेच लागतात. कृती कुणी मागत नाही. चिप कशी बनवली ते तुमच्याजवळच ठेवा. कुठल्या खान्यात तापमान आहे एवढं सांगा. डब्यावरचं लेबल ही काही पाककृती नव्हे.

दुसरा मुद्दा, ऐऱ्यागैऱ्याच्या हाती दिलं तर पंखा बंद करून यंत्र जाळतील. हा मुद्दा खरा आहे, मी तो झटकत नाही. पण अपघात माहितीमुळे होतो की माहिती नसल्यामुळे? सन २००० च्या सुमारास आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत असं झालं होतं. कुठली सेन्सर चिप कुठे बसली आहे हे ठाऊक नसल्याने लिनक्सवाले एकेका पत्त्यावर टकटक करून पाहत. त्यातल्या एका पत्त्यावर सेन्सर नव्हताच, यंत्राची मूळ माहिती जपणारी स्मृतीची चिप होती. टकटक झाली की तिच्यातली अक्षरं बिघडत, आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच होत नसे. एलएम-सेन्सर्सवाल्यांनी मोठ्या अक्षरांत इशारे लिहिले, आणि आयबीएमचं यंत्र दिसलं की एका ड्रायव्हरने कामच नाकारावं अशी तजवीज केली. सांगा, इथे घात कुणी केला? अंधारात चाचपडणाऱ्याने, की ज्याच्याकडे दिवा होता आणि त्याने लावला नाही त्याने? आणि नवे प्रोसेसर फार तापले तर स्वतःच बंद पडतात. आमच्या मुलीचा निबंध तसाच तर गेला.

तिसरा मुद्दा आमच्या जावईबापूंचा. "आई, नवे घ्या ना, आता काय महाग राहिलेत?" सात नवे संगणक शाळेने कुठून घ्यायचे ते त्यांनी सांगितलं नाही. पण पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्या यंत्राचा पडदा, कळफलक, प्रोसेसर, सगळं शाबूत आहे ते एका पानासाठी भंगारात घालायचं? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोडीत गेलेल्या यंत्राचं काय करायचं ते त्यात आहे, चांगलंच आहे. पण माझ्या मते कागद लपवणं हाच कचरा तयार करायचा कारखाना आहे.

मग करायचं काय? नुसतं चिडून भागत नाही, म्हणून तीन मागण्या लिहिते.

एक, महापालिका, जिल्हा परिषद, सरकारी खाती जेव्हा संगणक घेतात तेव्हा निविदेत एक ओळ घाला. यंत्रातल्या तापमान आणि पंख्याच्या चिपांची रजिस्टरांची माहिती जाहीर असली पाहिजे. हजारोंनी यंत्रं घेणाऱ्याने विचारलं तर "वर्षाला किती चिपा घेता" असं कुणी म्हणणार नाही.

दोन, ज्या दिवशी कंपनी म्हणेल की मॉडेल सेवेतून गेलं, त्याच दिवशी कागद खुला व्हावा. तुम्ही सेवा देणार नाही, मग दुसऱ्याला करू द्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. पुस्तिका, सुटे भाग यांची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्याचा हेतू. त्याच हेतूत आमचं हे पान बसतं.

तीन, भारतात चिपा व्हाव्यात म्हणून २०२१ च्या डिसेंबरात ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. पैसा आपला. तेव्हा त्यातून जी चिप बाहेर पडेल तिची शीर्षकं आपल्याला दिसली पाहिजेत. २००५ पासून दहा रुपयांच्या अर्जावर मी सरकारची फाइल मागू शकते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पंख्याची का नाही?

आमच्या गावाशेजारी आळंदी आहे, म्हणून एक शेवटचं सांगते. शके १२१२ मध्ये एका तरुणाने संस्कृतातली गीता मराठीत आणली. ज्यांच्याकडे ती होती त्यांची काही कमी झाली नाही. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना मिळाली. चिप आणि गीता यांची तुलना मी करत नाही, नाहीतर आमचे वारकरी मेहुणे फोन करतील. पण कुलूप तेच आहे, आणि कुलूप घालणाऱ्यांची सबबही तीच की तुम्हाला काय कळणार त्यातलं.

आम्हाला कळलं, हो. ६७५ ची दुप्पट करून भागलं, हजार आले.

सध्या ती सात यंत्रं सकाळच्या सत्रातच चालतात, साडेअकराला बंद. एका खिडकीत पाटीचा पंखा आडवा लावलाय. शाळेने भंगारवाल्याला अजून बोलावलं नाही, पण पुढच्या पाडव्यापर्यंत थांबणार नाही असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. वही माझ्याकडे आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी या कामातलं असेल तर जरूर कळवा. वही स्कॅन करून पाठवीन, अक्षर चांगलं आहे.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. या खेपेला दर दोन ओळींनी जतन करत होती.

असो. गुडघा पुन्हा बोलायला लागला. इथेच थांबते.